नमुना नागपूरला पाठवला आहे

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे जुन्या मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आले. नागपूरची राजधानी गेली, ही त्या दिवसाची सल अजूनही बोलली जाते. जनावरांचे डॉक्टर घडवणारे महाविद्यालयही त्याच दिवशी परराज्यात राहिले, याची आठवण मात्र आमच्या व्यवसायाबाहेर फारशी कुणाला नाही. जुन्या राज्याचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ साली जबलपूरला निघाले होते. नव्या राज्यात असे महाविद्यालय होते ते मुंबईत, परळला. ते १८८६ पासून नावाजलेले खरे, पण नागपूरहून एक रात्र नि अर्धा दिवस आगगाडीत काढल्यावर भेटणारे. गवळाऊ गाई, नागपुरी म्हशी आणि धानपट्ट्यातली लहानखुरी बैलजोडी यांच्यावर संसार चालणाऱ्या मुलखाला हे परवडण्यासारखे नव्हते. १९५८ साली सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते या पार्श्वभूमीवर.

प्राचार्यांची नामावली, इमारतींच्या कोनशिला आणि सुवर्णपदकांचे मानकरी या स्मरणिकेत इतरत्र येतीलच. इथे एकाच कामाचा माग काढायचा आहे: रोग ओळखणे आणि तो कुठून कुठे चालला आहे हे पाहणे. उपचार लोकांना दिसतो, निदान दिसत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात खोड्यात अडकवलेल्या गाईजवळ उभा राहून मालक विचारतो, ‘साहेब, काय झालं माह्या गाईले?’ पशुधन विकास अधिकारी इंजेक्शन देतो, गोळ्या लिहितो आणि उरलेल्या प्रश्नाला एकच उत्तर देतो, ‘नमुना नागपूरला पाठवला आहे.’ संस्थेचा इतिहास पुष्कळसा त्या एका वाक्यात आहे, आणि संस्थेच्या उणिवाही.

या कामाची भारतातली सुरुवात महाराष्ट्रातच झाली. १८८९ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उघडली. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते. बुळकांडीसारख्या रोगाची लागण भरवस्तीत हाताळणे धोक्याचे म्हणून १८९३ साली ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचे मूळ ते. पुण्याचे पहिलेपण गेले आणि पुढे कित्येक दशके मोठ्या साथीच्या प्रश्नाला उत्तर उत्तरेकडूनच यायचे.

खेड्यात रोगांची ओळख नव्हती असे नाही. बुळकांडी, घटसर्प, एकटांग्या, लाळ्या-खुरकूत, तिवा ही नावे गुराख्याच्या तोंडी असत, आणि लक्षणांवरून केलेली त्याची पारख बऱ्याचदा बरोबर निघे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते आणि रोगराई बरोबर घेऊन जा म्हणून तिला गाऱ्हाणे घातले जाते. जाणाऱ्या रोगराईला निरोप देण्याची ही रीत लोकांनी सांभाळली. ती रोगराई आली कोणत्या वाटेने, हे विचारणारा माणूस मात्र गावाजवळ कुणी नव्हता. महाविद्यालयाने पहिली भर घातली ती इथे.

सुरुवातीच्या काळातली साधने आजच्या विद्यार्थ्याला गरिबीची वाटतील: सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, चार-सहा रंगद्रव्ये, जंतू वाढवायचे माध्यम आणि शवविच्छेदनाचे टेबल. पण त्या साधनांवर विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि परजीवीशास्त्र या तीन विभागांनी जी शिस्त शिकवली तिच्यावर विदर्भातले दवाखाने आजही चालतात. काळपुळीचेच घ्या. धडधाकट बैल सकाळी मेलेला सापडतो, नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त येते. नव्या पदवीधराचा हात आपसूक सुरीकडे जातो, आणि तेच करायचे नसते. शव फाडले की जंतूला हवा मिळते, तो बीजाणू धरतो आणि ते बीजाणू त्या जमिनीत वर्षानुवर्षे दबा धरून राहतात. म्हणून कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब, एक काच, त्यावर जुनाट मिथिलीन ब्ल्यू. निळ्या दांड्यांभोवती गुलाबी झालर दिसली की शव न उघडता चुन्यासकट खोल पुरायचे. ही रंगवण्याची पद्धत मॅकफेडियन यांनी १९०३ साली सांगितली. तिला ना महागडे यंत्र लागत, ना वीज. ‘काय करू नये’ हे आधी शिकवणारे शास्त्र म्हणून मला काळपुळीचा धडा सगळ्यांत मोलाचा वाटतो.

घटसर्पाची अडचण वेगळी. हा पावसाळ्याच्या तोंडाचा रोग. गळा सुजतो, घरघर लागते, जनावर दिवसभरात जाते. गडचिरोलीच्या टोकाच्या गावातून नमुना निघून नागपूरला पोचेपर्यंत मांस सडून जाई आणि सडण्याचे जंतू मूळ जंतूला झाकून टाकत. त्यावर जुना तोडगा होता तो नळीच्या हाडाचा. पायाचे लांब हाड मांस खरवडून, कापडात गुंडाळून पाठवायचे. आतल्या मगजात सडण्याची क्रिया उशिरा पोचते, त्यामुळे काही दिवसांनीही खरा जंतू सापडू शकतो. एस.टी.तून आलेल्या अशा पुडक्याचा वास ज्याने घेतला नाही त्याला निदानशास्त्राचा निम्मा इतिहास कळायचा नाही.

पिसाळलेल्या जनावराचा मेंदू तपासायचा तर काळाशी स्पर्धा असते, कारण त्याला हात लावलेली घरची माणसे निकालासाठी खोळंबलेली असतात. अडेल्की नेग्री यांनी १९०३ साली मेंदूच्या पेशींत दाखवलेल्या कणिका शोधणे, ही पुढची कित्येक वर्षे मुख्य तपासणी होती. कणिका दिसल्या तर रेबीज नक्की, पण न दिसल्या तर नाही असे छातीठोकपणे सांगता येत नसे. चमकत्या प्रतिपिंडांची अधिक भरवशाची चाचणी गोल्डवॉसर आणि किसलिंग यांनी १९५८ साली मांडली, म्हणजे आपले महाविद्यालय उघडले त्याच वर्षी. ती हातात यायला अर्थातच पुष्कळ काळ जावा लागला.

आणि प्रत्येक मरण जंतूमुळे नसते. कोवळी, पाण्याअभावी सुकलेली ज्वारी खाऊन एका बांधावर तीन-चार जनावरे ताडताड पडली की गावात साथीची हाकाटी होते. प्रत्यक्षात ती किराळ असते, कोवळ्या पोंग्यातल्या विषाची बाधा. जठरातला चारा तपासला की उलगडा होतो. ‘साथ नाही’ असे सांगणारे निदानही तितकेच मोलाचे, कारण त्याने बाजार बंद होण्याचे टळते आणि शेजाऱ्याशी होणारे भांडणही.

साठ-सत्तरच्या दशकांत रोगांचा नकाशाच बदलला. दुधासाठी जर्सी आणि होल्स्टीन रक्ताच्या संकरित गाई आल्या. १९७० ला ऑपरेशन फ्लड सुरू झाले. गावठी गाय गोचिडांसोबत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली, संकरित गाईला ती सवय नव्हती. गोचीडतापाने, म्हणजे थायलेरियाने, कर्ज काढून आणलेली गाय डोळ्यांदेखत जाऊ लागली. ताप, खांद्यापुढच्या गाठींची सूज, पांढरी पडलेली डोळ्यांची आतली कड. रक्ताची काच जिम्सा रंगाने रंगवायची आणि तांबड्या पेशींत अंगठीसारखे ठिपके शोधायचे. दवाखान्यांतून काचा येऊ लागल्या त्या या काळात, गठ्ठ्यांनी. जोडीला कासदाह. कर्जाचे हप्ते आणि निदान यांचा संबंध गोपालकाला तेव्हा पहिल्यांदा नीट समजला असावा, असे माझे मत आहे. बैल मेला तर नशीब म्हणणारा माणूस गाय मेली तर कारण विचारू लागला.

दुधाबरोबर आणखी एक पाहुणा आला, सांसर्गिक गर्भपात. गाय सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभडते, वार अडकते, आणि ती ओढून काढणाऱ्या माणसाला काही आठवड्यांनी चढ-उतार होणारा ताप येतो. माल्टा बेटावर थेमिस्टोक्लिस झॅमिट यांनी १९०५ साली शेळीच्या दुधात या तापाचे मूळ पकडले होते. आपल्याकडे गोठ्यातले गडी, दूध काढणारे आणि आपलेच पशुवैद्य यांच्यातला तो ताप मलेरिया किंवा टायफॉइड समजून अंगावर काढला गेला. पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य हा विषय इथेच कामाचा ठरतो. रोझ बंगालने रंगवलेल्या जंतुद्रवाचा एक थेंब आणि रक्तजलाचा एक थेंब काचेवर मिसळला की चार मिनिटांत गुठळ्या दिसतात. दुधाची वर्तुळ-चाचणी त्याहून सोपी: संस्थेच्या कॅनमधले एकत्रित दूध घ्यायचे, रंगीत जंतुद्रव घालायचा, सायीवर निळी कडी उमटली की त्या कळपात कुठेतरी लागण आहे. मग एकेका गाईच्या रक्तावर जायचे. आधी कळप, मग जनावर. रोगाचा माग काढण्याची ही रीत विद्यार्थ्याच्या अंगी मुरली, तर पुढची यंत्रे कोणतीही येवोत.

बुळकांडीच्या अखेरच्या पर्वाला थोडा अधिक वेळ द्यायला हवा, कारण आपल्या व्यवसायाचा तो सर्वांत मोठा विजय आहे आणि त्याची सर्वांत कमी वाच्यता होते. लसीने रोग आटोक्यात आला होता. भारतातला शेवटचा उद्रेक १९९५ चा. पण त्यानंतरचे काम अवघड होते: लस टोचणे थांबवायचे आणि रोग खरोखर नाही हे सिद्ध करायचे. लसीकरण चालू असताना रक्तातली प्रतिपिंडे लशीची की रोगाची हे सांगता येत नाही. म्हणून टोचणी बंद, मग गावोगाव फिरून विचारपूस: तोंडात फोड आलेले, डोळ्यांतून पाणी गळणारे, पातळ हगवणीने मेलेले जनावर गेल्या वर्षात कुणी पाहिले का? मग रक्तजलाचे नमुने, मग एलायझा. हजारो ‘नाही’ गोळा करण्याचे हे काम देशभरच्या पशुसंवर्धन खात्याच्या कर्मचाऱ्यांनी केले. विदर्भातल्या त्यांच्या रांगेत आपले पदवीधर मोठ्या संख्येने होते. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला, २०११ साली जग. देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसरा रोग. देवी गेल्याचा धडा शाळेच्या पुस्तकात असतो, बुळकांडी गेल्याचा नसतो. आज पदवी घेणाऱ्या मुलाने बुळकांडी पाहिलेली नाही, याहून मोठे प्रशस्तिपत्र त्याच्या गुरूंच्या गुरूंना कोण देणार?

प्रशासनाचा भाग थोडक्यात. १९६९ साली अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठ झाल्यावर महाविद्यालय त्याच्या छत्राखाली गेले. शेतीच्या विद्यापीठात जनावराला जे स्थान मिळायचे ते मिळाले. राज्यातली पशुवैद्यकीय महाविद्यालये अशीच वेगवेगळ्या कृषी विद्यापीठांत विखुरलेली होती. १९९८ च्या कायद्याने महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची तरतूद झाली, २००० च्या डिसेंबरात ते प्रत्यक्षात आले आणि मुख्यालय नागपूर ठरले. ज्या परळला एकेकाळी इथल्या मुलांनी जायचे, ते परळ आता नागपूरच्या विद्यापीठात आहे. या गमतीवर मुंबईकर मित्र अजून नाक मुरडतात.

विद्यापीठ नवे असतानाच विषाणूंचा काळ सुरू झाला. १८ फेब्रुवारी २००६ ला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्यांमध्ये एच५एन१ बर्ड फ्लू निश्चित झाला. देशातला तो पहिला. निश्चिती झाली भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत. असा विषाणू साध्या प्रयोगशाळेत उघडायचा नसतो, हा नियमच आहे. त्यामुळे ‘नमुना नागपूरला पाठवला आहे’ या वाक्याला ‘आणि नागपूरहून भोपाळला’ असे शेपूट जोडले गेले.

नागपूरला विषाणू नवे नव्हते. जगाच्या ग्रंथांत नागपूरच्या परिसराचे नाव एका विषाणूवर कोरलेले आहे: चांदीपुरा. १९६५ साली इथल्या तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला तो सापडला. पुढे जवळजवळ चार दशके त्याची कुणी फार दखल घेतली नाही. २००३ साली आंध्र आणि महाराष्ट्रात लहान मुलांच्या मेंदूज्वराच्या साथीत तो मारेकरी म्हणून पुढे आला. वाळूमाशीतून पसरणारा हा विषाणू रेबीजच्याच कुळातला, आणि गाई-घोड्यांच्या तोंडात फोड आणणाऱ्या एका विषाणूचा सख्खा भाऊबंद. माणसाचा डॉक्टर आणि जनावराचा डॉक्टर यांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून तो कळणार नाही, हे चांदीपुराने सांगून ठेवले होते. ऐकायला वेळ लागला.

लम्पी त्वचारोग १९२९ साली आफ्रिकेतल्या झांबियात पहिल्यांदा दिसला आणि २०१९ साली ओडिशात उतरला. महाराष्ट्रात तो २०२० मध्ये पूर्वेकडून, गडचिरोलीच्या सिरोंचा भागातून शिरला. अंगभर गाठी, ताप, पायांवर सूज. त्या वेळी रोग सौम्य होता, लोकांचे लक्ष करोनाकडे होते. २०२२ ला जळगाव जिल्ह्यातून आलेल्या लाटेने मात्र राज्य हादरले. आधी पाच किलोमीटरच्या परिघात, मग सरसकट सगळ्या गोवंशाला शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली, कारण दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले. गोपालकाला भरपाई ठरली: दुभत्या गाईला ३०,००० रुपये, बैलाला २५,०००, वासराला १६,०००. निदान हा तेव्हा थेट पैशाचा कागद झाला. गाय लम्पीनेच गेली की आणखी कशाने, यावर एका घराचे वर्ष अवलंबून होते. त्याच वर्षी २९ डिसेंबरला लम्पी-प्रोव्हॅक या स्वदेशी लशीचे तंत्रज्ञान पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला देण्याचा करार नागपुरातच झाला.

करोनाचा उल्लेख केला, तर ती हकिगत सांगितलीच पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत नागपूरच्या मेडिकल, मेयो, एम्स आणि नीरी यांच्या बरोबरीने माणसांचे घशातले नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळांत आपली पशुवैद्यकीय प्रयोगशाळाही होती. शहरात काहींनी भुवया उंचावल्या. ज्यांना कुळ ठाऊक होते त्यांना नवल वाटले नाही. करोना घराण्यातला पहिला ओळखला गेलेला रोग १९३१ साली कोंबडीच्या पिल्लांत वर्णिला होता. वासरांच्या हगवणीत, कुत्र्यांच्या आतड्यांत हे घराणे आमच्या पाठ्यपुस्तकांत कधीचे बसलेले आहे. पीसीआर यंत्राला नमुना गाईचा की माणसाचा याने फरक पडत नाही. तो घेणाऱ्याचा हात कसलेला असावा लागतो, आणि आमच्याकडचे हात कसलेले होते.

विद्यापीठाच्या गोरेवाड्याच्या वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्राने निदानाची कक्षा जंगलापर्यंत नेली. वाघाचे शवविच्छेदन हे वैद्यकीय काम असतेच, शिवाय न्यायालयात उभा राहणारा पुरावाही असतो: वीजप्रवाह, विष, फास की झुंज. २०२४ च्या डिसेंबरात मात्र वेगळेच घडले. गोरेवाडा बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. नमुने भोपाळला गेले, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी उत्तर आले: एच५एन१. संशय खाद्याच्या मांसावर गेला. २०२४ च्याच मार्च महिन्यात नागपूरच्या शासकीय उबवणी केंद्रात बर्ड फ्लू सापडून कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या. दोन घटनांचा धागा एक होता असे म्हणायला आधार नाही आणि मी म्हणत नाही. पण कोंबडीचा विषाणू पिंजऱ्यातल्या वाघापर्यंत पोचतो, तेव्हा कोंबडी, वाघ आणि त्यांना खाऊ घालणारा रखवालदार यांच्या तपासण्या तीन खात्यांच्या तीन फायलींत ठेवून चालत नाही. ११ डिसेंबर २०२२ ला नागपुरात राष्ट्रीय एकल आरोग्य संस्थेची पायाभरणी झाली, ती याच विचाराने. ती उभी राहील तेव्हा तिच्या शेजारी साठ-पासष्ट वर्षांचा अनुभव आयता असेल.

आता उणिवा, कारण स्मरणिका म्हणजे नुसता हारतुरा नव्हे. प्रयोगशाळा सुधारली त्या वेगाने नमुना सुधारलेला नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत बर्फाशिवाय आलेले रक्त, नावाशिवाय आलेली काच, आणि ‘जनावर आजारी’ एवढाच मजकूर असलेला अर्ज यांना जगातले कुठलेही यंत्र उत्तर देऊ शकत नाही. १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरता दवाखाना येतो, पण त्यात बर्फाची पेटी असतेच असे नाही. दुसरे म्हणजे उलट टपाल. उत्तर दवाखान्यापर्यंत पोचते, गोठ्यापर्यंत कित्येकदा पोचत नाही. तोवर गाय बरी झालेली असते किंवा गेलेली. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात यांच्या लसीकरणासाठी जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला आला आहे. त्या अंकाला निदानाचा निकाल जोडून मालकाच्या मोबाइलवर पाठवणे आज अशक्य नाही. विद्यापीठाने पुढच्या पंचवीस वर्षांत एवढी एकच गोष्ट पुरी केली तरी मी तिला दहा नव्या इमारतींपेक्षा मोठी मानीन.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. १९५८ नंतरच्या पहिल्या तुकड्यांतली मंडळी आता मोजकी उरली आहेत. आपल्यापैकी कुणाकडे तालुक्याच्या दवाखान्यातल्या जुन्या साथींच्या नोंदवह्या, बुळकांडीच्या शोधमोहिमेचे कागद, रंगवलेल्या काचांच्या पेट्या, शवविच्छेदनाची टिपणे किंवा छायाचित्रे पडून असतील, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. कोणत्या गावात कोणत्या साली काळपुळी निघाली होती, ही माहिती त्या गावची जमीन आजही वापरते. अशी कागदपत्रे सेमिनरी हिल्सवर महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे पोचती करावीत. पुडक्यावर गाव, तालुका आणि साल स्वच्छ अक्षरात लिहावे.